डब्यातली उकडलेली अंडी

राजश्री,

झोपली आहेस म्हणून उठवत नाही. आप्पा चपला घालून पडवीत उभे आहेत, मुंबईची गाडी गाठायची आहे. पंप लावून टाकी भरली आहे. ओवीचं तापाचं औषध फ्रिजच्या दारात आहे, खाल्ल्यावरच दे.

मला अंडं बाधतं असं सांगितल्यावर मागच्या खेपेला डॉक्टरांनी पिवळ्या तापाची लस न देताच परत पाठवलं, ती लस अंड्यात बनवतात म्हणून. लस नाही म्हणजे आफ्रिकेची बोट नाही. अंडं बाधतं हे खोटं आहे, हे घरात फक्त तुला ठाऊक होतं. मागची बोट मालकाने वाऱ्यावर सोडली आणि आम्ही बंदराबाहेर पावसाचं पाणी धरून पीत राहिलो, तेही तुलाच सांगितलंय.

आज आप्पा सोबत येतायत. म्हणतात, "डॉक्टरासमोर अंडं खाऊन दाखव, अंगावर काय उठतं ते मीपण बघतो." सगळा जन्म बोटीवर काढलेला माणूस, त्यांच्याशी काय वाद घालू?

मघाशी माझ्या पिशवीत डबा सापडला. अंडी उकडून, सोलून ठेवलेली, सोबत मिठाची पुडीसुद्धा.

आप्पांना तर गॅसही पेटवता येत नाही.

सर्वेश