दांडा लाकडी की पोलादी

खासबाग, शनिवार, दिवेलागण

कॅम्पातल्या कर्नलसाहेबांना आज सांगून टाकलं, तुमच्या गोल्फच्या लोखंडी तोंडाच्या काठ्यांना पोलादी दांडेच बसवू. त्यांचा फटका दणकट. त्या जोरानं लाकडी दांडा पिळतो आणि चेंडू उजवीकडं जातो. मेमसाहेबांचं मनगट दुखतं, त्यांना लाकडीच बरा. चुकलो का मी? न्हाय.

आप्पा मात्र भडकले. वीस वर्षं या साहेब लोकांसाठी लाकडी दांडे तासलेत माझ्या बापानं. "लाकडावर जगतोस आणि पोलादाची बाजू घेतोस व्हय रं?"

"आप्पा, तुम्हीच मारून बघा की."

बोलून गेलो, मग ध्यानात आलं. आप्पांनी आजवर एकही चेंडू मारलेला न्हाय!

साहेब लोक गेल्यावर दोघं मैदानात गेलो. आप्पांनी काठी फिरवली, आधी नुसती माती उडाली. मग लाकडी दांडा पिळला आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत. पोलादी दांड्यानं मात्र सरळ गेला, लई लांब. आप्पा कपाळावर हात धरून तिकडं बघतच राहिले.

"हातात झिणझिण्या आणतंय हे," एवढंच म्हणाले. दारात चपला काढताना हळूच म्हणाले, "या पोलादाला चामड्याची मूठ कशी बांधतोस, ते मला शिकीव."