एक टीव्ही, दोन तारा आणि एल्दानची पायदोरी

१८ फेब्रुवारी
टीव्ही आला. लेकीने, मेरीमने, कझानहून पैसे पाठवले होते; मेहुणा कुबान तो शहरातून घेऊन आला. आतल्या भिंतीला टेकून जी मोठी पेटी आहे, मान्यवर पाहुणे बसतात तिथली, तिच्यावर बसवला. शेजारी रजयांची चळत, पार छताला टेकलेली. बायकोने, साल्कीनने, बजावलं, काहीही करा पण माझ्या चळतीला धक्का लावू नका. म्हटलं, अगं, अख्ख्या कोचकोरचे रेडिओ मी दुरुस्त केलेत, कुणी न शिकवता. चळतीला काय धक्का लावतोय!
कुबान म्हणाला, दाजी, तो टोकतोर तुमच्या दुकानासमोरून जायचा ना, तेव्हा रेडिओ हातात धरून पळायचा.
मेहुण्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, असं ठरवलं.

२० फेब्रुवारी
महत्त्वाचं. मेरीमचा एल्दान चालायला लागला. १५ मार्चला त्याची पायदोरी कापायची. साल्कीनने काळी लोकर आणि पांढरी लोकर एकत्र पिळून दोरी केली आणि कझानला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवलीसुद्धा. तिकडे त्याचे पाय त्या दोरीने बांधणार, सगळे पळत येणार, पहिला पोचेल तो सुरीने दोरी कापणार. मग पोरगं जन्मात अडखळत नाही.
आम्हाला जाणं शक्य नाही. म्हणून टीव्हीवर बघायचं. साल्कीनला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने मनात असेल तेवढंच येतं. नातवाचं हसू तिने अजून ऐकलेलं नाही. फोनवर तिला नुसती खरखर कळते. तिला हेडफोन घेणार. शब्द दिलाय.

२४ फेब्रुवारी
टीव्हीला मागे दोनच पोर्ट. एकात डिशचा डबा, एकात काळ्या तारेने मेरीमने पाठवलेला कॅमेऱ्याचा डबा, त्यातून कझान आम्हाला दिसतं आणि आम्ही कझानला. माझा जुना डिस्क प्लेअर कुठे लावायचा? त्यात घोड्यांवरच्या बकरी-पोलोच्या जुन्या फायनल आहेत. मला बघायच्या नाहीत. पाहुण्यांची करमणूक म्हणून.
बाजारातून स्प्लिटर आणला.

२५ फेब्रुवारी
स्प्लिटर उलटा निघाला. दोन डबे एका टीव्हीला जोडण्याऐवजी एक डबा दोन टीव्हींना जोडतो. दुकानदार परत घेईना. म्हणजे आता दुसरा टीव्ही घेतला की प्रश्न सुटतो. साल्कीनशी अजून बोललो नाही.

२ मार्च
हेडफोन आणले. बिनतारी. पण ते ज्या बैठकीवर ठेवायचे, ती टीव्हीला तारेनेच जोडावी लागते. पांढरी तार, चांगली लांब. लावली. साल्कीनच्या चेहऱ्यावर बातम्या सुरू झाल्या! म्हणाली, अगबाई, हा माणूस इतका ओरडून का बोलतोय? आवाज कमी केला. खूश.
एक बारीक अडचण. तार खुपसली की टीव्हीचा आवाज बंद. तिला ऐकू येतं तेव्हा बाकी कुणाला येत नाही. बाकीच्यांना येतं तेव्हा तिला येत नाही. टीव्हीत दोष दिसतो.

५ मार्च
मेरीमचा फोन. म्हणाली, बाबा, मेनूत जा, आवाजात जा, तिथे दोन्ही चालू ठेवायचं असतं. म्हटलं, बेटा, मेनूने काम होत असतं तर कारागीर कशाला जन्माला आले असते? तिने फोन ठेवला. पटलं असावं.

८ मार्च
बायकांचा सण. साल्कीनला काही आणायचं राहिलं. म्हटलं, हेडफोन आणलेच आहेत. शेजारीण शारकूल, साल्कीनच्या माहेरची, दारातच म्हणाली, जावई, अजून टीव्ही बोलायला लागला नाही म्हणे? आमच्याकडे कधीपासून बोलतो. तिला चहा दिला. साय नाही दिली.
आता घराबाहेर पडायचीही सोय नाही. पिठाच्या दुकानात टीव्हीची चौकशी, मशिदीच्या पायरीवर टीव्हीची चौकशी. पंधरा तारखेला अख्खी गल्ली जेवायला येणार. कुबान म्हणतो, शहरातून माणूस आणू का? माणूस आणायला मी काय मेलोय? आता माघार नाही.

१३ मार्च, पहाटे
युक्ती सुचली! मी स्वतः टीव्हीमागे उभा राहणार. भाषणं आली की तार बाहेर, पाहुणे ऐकतील. एल्दान हसला की तार आत, साल्कीन ऐकेल. दोन्ही पक्ष समाधानी. इतकं साधं कुणाला सुचलं कसं नाही?

१४ मार्च
सराव केला. पेटी थोडी पुढे ओढली की पेटी आणि भिंत यांच्यात मी मावतो. बाहेर यायला चळतीला थोडं रेलावं लागतं. आत गेल्यावर पडदा दिसत नाही. हरकत नाही, कारागिराला बघायचं नसतं.

१५ मार्च, संध्याकाळ
झालं ते असं.
मेंढी उत्तम शिजली होती. सगळे बसले. साल्कीन सगळ्यात पुढे, नवा रुमाल बांधून, त्यावर हेडफोन. कझान लागलं. पडद्यावरून मेरीमचा आवाज आला, आई दिसतेय, पण बाबा कुठे आहेत? कुबान म्हणाला, भिंतीत आहेत. सगळे हसले. मी तार आत घातली. साल्कीन म्हणाली, अय्या, श्वास घेतोय बघा तो! तेवढ्यात शारकूल ओरडली, आमचा आवाज गेला. तार बाहेर काढली. साल्कीन म्हणाली, गेला. आत. बाहेर. आत. कॅमेऱ्याच्या डब्याची काळी तार एका पायाला गुंडाळली, हेडफोनची पांढरी दुसऱ्या. लक्षात आलं होतं, पण हात रिकामे नव्हते.
तिकडे एल्दानचे पाय बांधले. पळणारे रांगेत उभे राहिले. मेरीम म्हणाली, बाबा, तुम्ही दुवा द्या, मगच पळतील.
आता दुवा एका हाताने देता येत नाही. मी तार सोडली, पेटी सोडली, दोन्ही हात पुढे पसरले, बाळाची वाट मोकळी राहो म्हटलं आणि तळवे तोंडावरून फिरवले. आमीन म्हणता म्हणता माझा तोल गेला. चळतीला धरलं. चळत माझ्याबरोबर आली.
पाहुण्यांच्या पुढ्यात, रजयांखाली, पालथा. पाय आवळलेले. एवढंच ऐकू आलं की कुणीतरी धावतंय. साल्कीन! दोन वर्षांत ती गोठ्यापर्यंत धावली नव्हती, गुडघ्यांमुळे. सगळ्यांच्या आधी पोचली. हातात मांसाची सुरी. काळी तार कापली, पांढरी कापली. पडदा काळा झाला.
कुबान म्हणाला, दाजींची पायदोरी सुटली, आता चालतील.
लोक इतके हसले की शारकूलचा चहा सांडला. साल्कीन हसली नाही. तिने हेडफोन काढून मांडीवर घेतले आणि काळ्या पडद्याकडे बघत बसली. तिला वाटत होतं, तिकडे एल्दानची दोरी कापली गेली असेल, आपल्याला न दिसताच.
मला वाटतं, तारा फार बारीक होत्या.

१६ मार्च
गुडघा सुजलाय. साल्कीन चहा ठेवते आणि गोठ्यात निघून जाते.

१७ मार्च
मेरीमचा फोन. पडदा गेला होता तरी कॅमेरा चालूच होता. तिकडे सगळ्यांनी सगळं पाहिलं. म्हणजे कॅमेऱ्याची जोडणी मी निर्दोष केली होती, हे इथे नोंदवतो.
पळणारे पळालेच नाहीत. जागेवर उभे राहून आम्हालाच बघत होते. आणि मेरीम म्हणाली, आई पहिली आली, आता तिने बघितल्याशिवाय एल्दानची दोरी कापायची नाही. रविवारी पुन्हा.
साल्कीनला मी तीनदा ओरडून सांगितलं. तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं म्हणे.

२१ मार्च
नवरोझ. कुबानने नव्या तारा आणल्या. साल्कीनने रिमोट घेतला, फोनवर मेरीमला विचारत मेनूत गेली, आवाजात गेली. हेडफोनही चालू, टीव्हीही चालू. चहा उकळायच्या आत.
टीव्हीतला दोष आपोआप गेला असावा.
उद्यासाठी मला सूचना: पेटीपासून लांब बसायचं, हात मांडीवर, दुवा बसल्या जागी.

२२ मार्च
दुवा बसल्या जागी दिली. नेहमीपेक्षा लांबवली, कारण दुसरं काही काम नव्हतं.
तिकडे दोरी कापली. एल्दान चार पावलं चालला, बसला, हसला. साल्कीनने हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरले होते. मी तिच्याकडेच बघत होतो, म्हणून पावलं नीट दिसली नाहीत.
नंतर डिस्क प्लेअरसाठी तिसऱ्या पोर्टचा विषय काढला. ती उठून गाय दोहायला गेली. जाताना हेडफोन घालून गेली. कान गरम राहतात, म्हणाली, आणि तुमचं ऐकूही येत नाही.