निरंक खाते पुन्हा थकीत दाखवण्याबाबत

दिनांक : १२ फेब्रुवारी २०१६

प्रति,
मा. शाखाधिकारी,
निःसंकोच नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित,
कोथरूड शाखा, पुणे.

अर्जदार : आमोद श्रीधर मेहेंदळे, सभासद व माजी कर्जदार,
राहणार शनिवार पेठ (भाड्याने).

विषय : फिटलेले वैयक्तिक कर्ज एका हप्त्यापुरते पुन्हा थकीत दाखवून मला वसुलीचा फोन करण्याबाबत, व तो एका मिनिटाच्या पुढे चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) फोनवरील आवाज बंद करावा अशा विनंतीचे माझे यापूर्वीचे सर्व अर्ज (या अर्जान्वये मागे).
२) आपले परवाचे तोंडी उत्तर : "असं कधी असतं का हो?"

महोदय,

माझे कर्ज गेल्या सोमवारी पूर्ण फिटले, याबद्दल प्रथम मी माझे अभिनंदन करतो. आपल्याकडून ते राहून गेले. दुपारी एक ते चार शाखा बंद असते आणि उरलेल्या वेळात गर्दी असते, हे मी समजू शकतो.

कर्जाची हकीकत आपल्या दप्तरी आहे, तरी सोयीसाठी थोडक्यात सांगतो. लग्नानंतर घर लावण्यासाठी मी आपल्याकडून कर्ज घेतले. ते फिटायच्या आत घटस्फोटासाठी वाढवून घ्यावे लागले. पत्नी नीरजा हिला एकरकमी द्यायची रक्कम आणि वकील दोन, एक माझा व एक तिचा, कारण खर्च मी करायचा असे ठरले होते. दोन्ही वेळी 'प्रयोजन' या रकान्यात आपल्या कार्यालयाने 'कौटुंबिक कार्य' असेच लिहिले, आणि ते चूक होते असे मला म्हणता येणार नाही. कोथरूडची सदनिका विकली ती गृहकर्जात गेली. उरले आपले कर्ज आणि मी.

आता फोनविषयी. हप्ता थकला की आपले यंत्र सभासदाला फोन करते व ध्वनिमुद्रित संदेश ऐकवते. हे यंत्र २००७ साली घेतले तेव्हा आवाज कोणाचा घ्यावा असा प्रश्न संचालक मंडळापुढे होता. व्यावसायिक निवेदकाने मानधन सांगितले, त्यामुळे तो बाद झाला. तत्कालीन शाखाधिकारी आमच्याच सोसायटीत राहत. गणेशोत्सवात "पांढऱ्या गाडीच्या मालकांनी गाडी कृपया फाटकासमोरून काढावी" ही सूचना नीरजा देत असे व गाडी खरोखर निघत असे, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी तिला विचारले. ती शाळेत मराठी शिकवत असे, तिला मौज वाटली. आमच्या आतल्या खोलीत, खिडक्या लावून, दाराला चादर टांगून मुद्रण झाले. मानधनापोटी संस्थेने दोन दिनदर्शिका दिल्या. दोन्ही एकाच वर्षाच्या होत्या.

२०११ साली आम्ही परस्परसंमतीने विभक्त झालो. संमतीच्या अटींमध्ये 'यापुढे उभयतांनी एकमेकांशी कोणत्याही प्रकारे संपर्क करू नये' असे कलम आहे. त्यावर सही करून मी घरी आलो, आणि त्याच आठवड्यात माझा हप्ता थकला. फोन वाजला. नीरजा म्हणाली, "नमस्कार. आपला कर्जाचा हप्ता थकला आहे. तो आपण लवकरात लवकर भराल, याची आम्हांला खात्री आहे. धन्यवाद."

ही खात्री तिने घरात कधी व्यक्त केल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर मी आवाज बदलावा म्हणून अर्ज करत राहिलो. आपल्या संस्थेमुळे न्यायालयाच्या आदेशाचा भंग होतो, असेही लिहून पाहिले. दर वेळी एकच उत्तर आले : आवाज बंद होण्याचा उपाय हप्ता वेळेवर भरणे हा आहे. उत्तर उर्मट असले तरी उपयोगी होते. मी दुचाकी वापरू लागलो, खाणावळ लावली, खराडीच्या कंपनीत शनिवारचेही काम मागून घेतले. कर्जमुक्तीची पुस्तके हल्ली पुष्कळ निघतात. त्यांत हा उपाय कोठेही दिलेला नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

तरी हप्ता अधूनमधून थकतच राहिला. आपल्या वसुली विभागातील श्री. वैजनाथ हे परळीकडचे सरळ गृहस्थ आहेत. ते एकदा मला म्हणाले, "सर, पगार तर झालेला असतोय तुमचा. तरी फोन गेल्याशिवाय तुम्ही भरतच नाहीत. असं काहून?" हा निव्वळ योगायोग आहे असे मी त्यांना सांगितले व आपल्यालाही सांगतो.

या फोनचे काही परिणाम आपल्या लक्षात आलेले नसतील. माझी खोली दुर्गाबाईंच्या घरात आहे व मधली भिंत पातळ आहे. एका संध्याकाळी भांडी घासत असताना फोन आला म्हणून मी तो मोठ्या आवाजावर लावला. थोड्या वेळाने दुर्गाबाई दोन वाट्या खीर घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "आल्या वाटतं सूनबाई. बरं झालं हो." मी त्यांना पतसंस्था, यंत्र, थकबाकी हे सगळे समजावून सांगू शकलो असतो. मी दोन्ही वाट्या घेतल्या. तेव्हापासून त्या दर सणाला दोन वाट्या आणतात आणि आवाज हळू करून विचारतात, "बाहेर नाही का पडत त्या?"

शिवाय त्या आवाजाचे वय होत नाही. मला चष्मा लागला, केस गेले. पण हप्ता थकला की फोनवर बत्तीस वर्षांची बाई बोलते आणि मला 'आपण' म्हणते. तिच्या मागे आमचा पंखा कुरकुरत असतो, तो मी दुरुस्त करणार होतो. खालच्या मजल्यावर बारावीच्या शिकवणीची मुले सूत्रे घोकत असतात. त्या मुलांपैकी एक आता आमच्याच कंपनीत माझ्या वरच्या जागेवर आहे. सदनिका मी विकली, नव्या मालकांनी भिंती पाडून स्वयंपाकघर उघडे केले, असे ऐकतो. पण आपल्या यंत्रात ती जशीच्या तशी आहे, खिडक्या लावलेली. तिचा कर आपण भरत नाही एवढेच.

आता गेल्या सोमवारविषयी. शेवटचा हप्ता रोखीने भरण्यासाठी मी खिडकीपाशी उभा होतो. नोटा वैजनाथ यांच्या हातात होत्या, सुटे पैसे माझ्या. हप्ता तोवर थकीतच असल्याने यंत्राने आपले कर्तव्य केले व माझा फोन वाजला. माझे हात गुंतलेले पाहून वैजनाथ यांनीच तो उचलून, मोठ्या आवाजावर लावून, काउंटरवर ठेवला. आजवर मी 'धन्यवाद' हा शब्द आला की फोन बंद करत असे. संगणक प्रणालींमधल्या चुका शोधणे हा माझा व्यवसाय आहे, आणि अपेक्षित शेवट आला की तपासणी संपली असे आम्ही मानतो. त्या दिवशी बंद करायला हात मोकळा नव्हता.

'धन्यवाद' झाले. पंखा बराच वेळ कुरकुरत राहिला. मग लांबून, बहुधा चादरीपलीकडून, एक पुरुष म्हणाला, "झालं का? चहा टाकू?"

तो मी होतो.

आपले शिपाई कचरू सवयीने उठून चहाला निघाले, हे आपण केबिनमधून पाहिलेच असेल. तेवढ्यात नीरजा म्हणाली, "हो, टाक. आणि आमोद,"

आणि फोन तुटला. त्याच क्षणी वैजनाथ यांनी माझ्या कागदावर 'कर्ज निरंक' असा शिक्का मारला.

चौकशीअंती असे समजले की संदेशाचे मुद्रण पुढेही आहे. ते बंद करायचे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आले नाही. परंतु एक मिनिट उलटले की दूरध्वनी कंपनी दुसऱ्या मिनिटाचे पैसे लावते, म्हणून यंत्राने मिनिट भरण्याच्या आत फोन तोडावा, असा ठराव वार्षिक सभेत एकमताने झालेला आहे. मी स्वतः सभासद या नात्याने त्या सभेत हात वर केला होता. काटकसर मलाही आवडते.

पुढचे ऐकवा, अशी विनंती मी परवा आपल्याला समक्ष केली. आपण म्हणालात की मुद्रण ही संस्थेची मालमत्ता आहे, ते फक्त थकबाकीदारालाच ऐकवता येते, आणि मी थकबाकीदार नाही. नियम मला पटला. म्हणूनच हा अर्ज.

नीरजालाच का विचारत नाही, असे आपण म्हणाल. एक तर कलम आहे. दुसरे, ती आता नाशिकला आहे, तिचा दुसरा संसार आहे, व 'नऊ वर्षांपूर्वी मी चहा विचारल्यावर तू पुढे काय म्हणाली होतीस' असा फोन कोणत्याही संसारात बरा दिसत नाही. तिसरे, तिला ते आठवणार नाही. मी विचारले होते हे मलाच आठवत नव्हते. न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी तिला तक्रार काय म्हणून विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "हा कधी काही विचारत नाही. नुसत्या चुका सांगतो." बाई माझ्याकडे वळल्या. काही विचारल्याचे एखादे उदाहरण द्या म्हणाल्या. मला एकही देता आले नाही. ते उदाहरण तेव्हाही आपल्या मुख्य कार्यालयातल्या यंत्रात होते.

निकाल फिरवण्याचा माझा विचार नाही, गैरसमज नसावा. निकाल योग्य होता. एका चहाने तो बदलला नसता.

यंत्र या महिनाअखेरीस भंगारात जाणार असून पुढे वसुलीचे लेखी संदेश मोबाइलवर येतील, अशी सूचना आपल्या फलकावर लागली आहे. सबब विनंती की, त्याआधी माझा निरंक दाखला रद्द करून एक हप्ता थकीत दाखवावा, रीतसर दंडव्याज लावावे, आणि मला एक फोन करावा. हे नियमात बसत नसल्यास मला संस्थेचे सर्वांत लहान कर्ज नव्याने मंजूर करावे. प्रयोजनाच्या रकान्यात पूर्वीप्रमाणेच 'कौटुंबिक कार्य' लिहावे. पहिला हप्ता मी भरणार नाही, याची आपण खात्री बाळगावी.

मी तपासणीतला माणूस आहे, त्यामुळे पुढे काय निघेल याचा मला अंदाज आहे. ते बहुधा 'गॅस बारीक ठेव' एवढेच असेल. तसे असल्यास माझी काहीही तक्रार राहणार नाही व मी संस्थेस पुन्हा त्रास देणार नाही. परंतु जे काही आहे ते माझे नाव घेऊन सांगितलेले आहे, आणि अद्याप मला मिळालेले नाही.

फोन संध्याकाळी सातनंतर केल्यास बरे. दुर्गाबाई त्या वेळी देवळात असतात.

थकण्यास तयार असलेला,
आपला नम्र,

(सही)
आमोद श्रीधर मेहेंदळे

सोबत :
१) कर्ज निरंक असल्याचा दाखला, मूळ प्रत. परत करीत आहे.
२) २००८ सालची दिनदर्शिका, एक, मानधनाचा पुरावा म्हणून. (दुसरी नीरजाने नेली.)
३) दुसऱ्या मिनिटाचे पैसे, रोख, सुटे. तिसरे मिनिट लागल्यास फोन न तोडता कळवावे, लगेच आणून देतो.