अण्णा, गाडी परत आली

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून तो राहू द्या.

आज सकाळी मी तुमची इलेक्ट्रिक मोटारसायकल काढली आणि कचरूच्या वस्तीवर जाऊन आलो. तुम्ही शेवटचे गेलात तोच कच्चा रस्ता, तीच थंडी, तीच सकाळची वेळ. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. आई आत उद्याच्या तयारीला लागलीय आणि मी पडवीत बसून लिहितोय. गाडी परत आली, अण्णा. त्यामुळे आता हे लिहिण्यावाचून माझी सुटका नाही.

किती घाण करून ठेवलाय तो रस्ता! बिडकीनचं डांबर संपलं की लगेच सुरू होतं. कडेला कुणाकुणाचा कचरा ओतलेला, थर्माकोल, फाटक्या गोण्या, दारूच्या बाटल्या, त्यात तोंड घालणारी कुत्री. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मधे पिठासारखा फुफाटा. रस्त्याच्या कामाची पाटी मात्र नवी कोरी उभी आहे. रस्ता होता तसाच, पाटीवरची नावं तेवढी वाढलीत. त्या पाटीवर थुंकावंसं वाटलं, पण तोंडात सगळी धूळच होती.

फुफाट्यात मागचं चाक दोनदा घसरलं. तुम्ही शिकवलेलं तेव्हा आठवलं, “धुळीत मूठ पिळायची नाय, नुसती टेकवायची.” पेट्रोलची गाडी आधी गुरगुरते तरी. ही मूठ पिळली की सरळ उसळी घेते. बोटं बधिर झाली, माकडटोपी घालूनही डोळ्यांतून पाणी गळत होतं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळं टायरखालचा खडा न् खडा ऐकू येत होता. तुम्हाला तेच आवडायचं. गुरं बुजत नाहीत, म्हणायचात. तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसरकी केलेला माणूस रिटायर झाल्यावर गाडीसुद्धा गुरांना विचारून घेतो, असं मी शहरात, उस्मानपुऱ्यात मित्रांना हसत सांगायचो. हसण्यात कौतुक कमी आणि लाज जास्त असायची, हे तुम्हाला कळत होतं का हो?

खरं सांगू? ती गाडी बंद पडावी म्हणूनच मी आज नेली होती.

हो! शंभर टक्के चार्ज केलेली गाडी त्या रस्त्यावर, त्या थंडीत, नाल्याच्या त्याच चढाला बंद पडायला हवी होती. मग ढकलत आणली असती, काकांना फोन केला असता, म्हटलं असतं, बघा, गाडीच खोटी होती, पूर्ण चार्ज असती तरी बंद पडलीच असती. वर्षभर मी हेच सांगत आलोय. “इलेक्ट्रिक म्हणजे निव्वळ भंगार, थंडीत बॅटरी मान टाकते.” दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. शहरातल्या ऑफिसात सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की माझ्याच आवाजाचा मला वीट आला.

पण ती नाल्याचा चढ चढली. कचरूच्या गोठ्यापर्यंत गेली आणि घरी आली. दारात उभी केली तेव्हा आकडा अठ्ठावन्न दाखवत होता. मी त्या आकड्याकडं बघत राहिलो आणि मला स्वतःची शिसारी आली.

त्या संध्याकाळचं आता लिहितो. तुम्हाला हे माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

मी शहरातून कार घेऊन आलो होतो. तुम्ही पारावर बसायला गेला होतात, आई शेजारी हळदीकुंकवाला. देवापुढं दिवा लागलेला होता. दिवा लावला की लगेच तुमचा चार्जर लावायचा, हा आईचा रोजचा नेम. आत भिंतीपाशी तुमची बॅटरी गोधडीत गुंडाळून ठेवलेली, थंडीत तिला ऊब लागते म्हणून. बाळंतिणीसारखी! मी मनात हसलो. मला आंघोळीला गरम पाणी हवं होतं, आणि मोठ्या पिनचं सॉकेट आपल्या घरात एकच. मी चार्जर काढला आणि पाण्याचा रॉड लावला. आंघोळ झाली, रॉड पुन्हा खुंटीला टांगला. चार्जरची वायर खाली लोंबत होती. ती पायानं बाजूला सारली आणि टीव्ही लावला.

इथपर्यंत विसरणं होतं, अण्णा. इथपर्यंतची माफी मी कदाचित मागू शकलो असतो.

सकाळी उजाडायच्या सुमाराला कचरूचा फोन आला. म्हैस अडली होती, डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. तुम्ही बॅटरी बसवली आणि अंगणातून तुमचा आवाज आला, “चार्जिंग झालंच नाय वाटतं. तेवीसच दावतंय.”

आई म्हणाली, “मी लावलं व्हतं की.” मग तिला ती लोंबणारी वायर दिसली असणार. ती म्हणाली, “का राह्यलं माझ्याकडनं?”

मी जागा होतो. सगळं ऐकत होतो. माझी कार दारात उभी होती, किल्ली खुंटीवरच्या पँटच्या खिशात होती. दोन मिनिटांचं काम. पण उठायचं म्हणजे थंडीत जायचं, वर रॉडची गोष्ट सांगायची, आणि तुमच्याबरोबर त्या शेणाच्या गोठ्यात उभं राहायचं. मी गोधडी डोक्यावर ओढून घेतली.

याला काय म्हणायचं? मला शब्द सापडलेला नाही. जो सापडतो तो तुमच्यापुढं लिहिण्यासारखा नाही.

म्हैस सुटली, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच हातांनी सुटली. पारडी आता चांगली वाढलीय, आज तिनं माझी बाही चाटली. कचरू आज पुन्हा सांगत होता, तो तुम्हाला त्याच्या गाडीनं सोडायला निघाला होता. तुम्ही नको म्हणालात. म्हणालात, “पोरगा आलाय घरी. काय झालं तर येईल की गाडी घेऊन.”

मग फोन का केला नाहीत? नाल्याच्या चढाला गाडी थांबली, तुम्ही ती ढकलायला लागलात, छातीत दुखलं असेल, बाभळीला टेकून बसलात. फोन खिशातच सापडला. माझ्या झोपेची एवढी काय पडली होती तुम्हाला? याचा मला राग आहे. तुमच्यावर रागवायचा हक्क मला नाही, तरी आहे.

दहावा पैठणला केला. कावळा शिवेना. पिंडापासून हातभर अंतरावर बसून तो मान वाकडी करत होता. काका म्हणाले, वस्तीवरची आजारी गुरं आम्ही बघू. कावळा हलला नाही. मी म्हणालो, आईला सांभाळीन. नाही. मग आई पुढं झाली. पदर सावरून, हात जोडून म्हणाली, “चार्जिंग माझ्याकडनं राह्यलं. मला माफ करा.”

आणि त्या कावळ्यानं पिंडाला चोच लावली!

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. काकांनी आईकडं बघून मान हलवली, म्हणजे असं होतं तर. त्या क्षणी निकाल लागला. मी तिथं होतो, ओल्या धोतरात, तोंड मिटून. कावळ्याला तरी तुम्ही थांबवायचं होतं, अण्णा! आयुष्यभर जनावरांनी तुमचं ऐकलं. मग त्याच दिवशी त्या एका पाखरानं का ऐकलं नाही?

त्यानंतर आईचा स्वतःवरचा विश्वासच गेला. गॅस बंद केला का, म्हणून तीनदा उठते. कडी लावून पुन्हा कडी बघते. तुमची गाडी कुणी चालवत नाही, पण तिची बॅटरी ती अजून सांभाळते. दिवा लागला की चार्जर लावते आणि बटन दाबलंय का, हे हात लावून लावून बघते. म्हणून तर आज गाडी चालली. मी तिला शहरात डॉक्टरकडं नेलं. हो, मी! विसरभोळेपणाचं दाखवायला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतं, आजी? ती म्हणाली, “मी इसरते. माझ्या इसरण्यानं माणूस गेलं.” आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून मान हलवत होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली का, हेही ती आता दोनदा विचारते.

तिच्या डोक्याला काही झालेलं नाही, अण्णा. तिची आठवण अगदी शाबूत होती. ‘मी लावलं व्हतं की,’ हे ती पहिल्याच झटक्यात म्हणाली होती. ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं.

लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं, उद्या तिला एकटीला चुलीपाशी गाठून हळूच सांगायचं. आता लिहिताना तीही लबाडी वाटतेय. तिची कबुली सगळ्यांनी ऐकली आणि माझी कुजबुजून व्हावी? उद्या पानं मांडायच्या आधी काका, गुरुजी, कचरू, सगळे बसलेले असताना सांगेन. चार्जर मी काढला. मी जागा होतो. मग ज्यांना माझ्या पंगतीला बसायचं नसेल त्यांनी उठावं.

एवढं लिहून होतंय तोवर आई बाहेर आली. हातात मोठं पातेलं. मला विचारते, “विलास, वड्याची डाळ भिजू घातली का रे मी?”

पातेल्यात डाळ होती. काठोकाठ पाण्यात, टम्म फुगलेली. ती माझ्या उत्तराची वाट बघत उभी आहे. मी हो म्हटल्याशिवाय तिला तिच्या हातातलंही खरं वाटत नाही.

उद्या नको, अण्णा. सगळ्यांसमोर उद्या सांगेनच, ते माझं तुम्हाला वचन. पण तिला आणखी एक रात्र या ओझ्याखाली झोपवणार नाही. पेन खाली ठेवतो आणि तिला आत्ता सांगतो.

तुमचा,
विलास