आधी अंत्ययात्रा

१९ सप्टेंबर २००६, स्लाऊ
चर्च हॉलमधला भरतकामाचा वर्ग सुरू. बायो टॅपेस्ट्रीतले, म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्याच्या जुन्या चित्रपट्टीतले, दोन प्रसंग उतरवायचे. नाव टॅपेस्ट्री, पण विणलेलं काही नाही. लिननवर लोकरीचं भरतकाम. मार्गारेट शिकवते. मी एडवर्ड राजाची अंत्ययात्रा घेतली. शेजारचा तुकडा, राजाचं मरण, कुंदाला ग्लासगोला पोस्टाने. केमो चालू असताना हाताला काम हवं. धाकटी नुसती पडून राहिली की बिघडते.

३ ऑक्टोबर
चित्रात प्रेत आधी चर्चकडे जातं, राजा मरतो त्याच्या पुढच्या प्रसंगात. क्रम उलटा. चूक आहे, म्हटलं. मार्गारेटच्या मते मुद्दाम. खरं कारण कुणालाच ठाऊक नाही.
कुंदाला फोनवर सांगितलं तर हसत सुटली. "ताई, शाळा सुटली तुझी. नऊशे वर्षांपूर्वीच्या बायकांचे पेपर तपासू नकोस."

२४ ऑक्टोबर
मूळ काम बहुधा केंटमधलं. करवून घेणारा नॉर्मन बिशप, जिंकलेल्यांपैकी. भरणाऱ्या इंग्रज बायका. म्हणजे ज्यांची माणसं लढाईत पडली, त्यांनीच तो विजय भरला. एकीचंही नाव नाही.
कुंदाला फोनवर सांगितलं. मग, "टाके सैल पडलेत का गं कुठे?"
नाहीत, म्हटलं.
"मग घरी जाऊन रडल्या असतील."

१४ नोव्हेंबर
खांदेकरी झाले. आधी लोकरीचे दोरे शेजारी शेजारी पसरायचे, त्यांवर आडवे दोरे, ते बारीक टाक्यांनी बांधायचे. चिकाटीचं काम, मला जमतं.
कुं. राणी भरते आहे. पलंगाच्या पायथ्याशी बसलेली, डोळ्यांना पदर.
"ही तू. चष्मा घालते हिला."
मी रडत नाही, म्हटलं.
"माहीत आहे. म्हणूनच."

५ डिसेंबर
माझा तुकडा पुरा. कुं.ला विचारलं, राजा कुठवर आला?
"त्याला हात नाही लावला. त्याला काही घाई नाही मरायची."
रागावले. अर्धवट कामं टाकायची लहानपणापासूनची सवय. मग तिच्या नवऱ्याने, विनायकरावांनी फोन घेतला, दुसऱ्या खोलीत गेले बहुतेक. "ताई, केमो थांबवली त्यांनी. आता उपयोग नाही म्हणाले."
तिने स्वतः सांगितलं नाही.

९ जानेवारी २००७, ग्लासगो
हॉस्पिस. मी पलंगाच्या पायथ्याशी. दिवसभर काही ना काही सरळ करत होते, उशी, चादर, औषधं.
"झालं नीट सगळं, ताई. बस आता."
बसले. भरतकामाचा विषय दोघींनीही काढला नाही.

२४ जानेवारी
कुं. गुरुवारी गेली. दहन आज, इथे थांबावं लागतं. आलेल्यांचं चहापाणी मी बघितलं. विनायकराव म्हणाले, "ताई, तुम्ही तरी जरा..." स्टेशनवर एक पुडकं हातात दिलं.

६ फेब्रुवारी, स्लाऊ
आज पुडकं उघडलं. तिचा तुकडा. खांब, पडदे, धर्मगुरू, उशी धरणारा नोकर, सगळं झालेलं. आधी उलटी बाजू पाहिली, सवयीने. एक गाठ नाही.
राणी पुरी. डोळ्यांना पदर, आणि काळ्या लोकरीचा चष्मा, कपाळावर सरकवलेला.
राजाची जागा कोरी. नुसती आखणीची निळी रेघ.

१३ फेब्रुवारी
मार्गारेट म्हणते, राजा तू भर, दोन्ही तुकडे जोडून हॉलमध्ये लावू. चष्म्याचं काही बोलली नाही. भली बाई.
घरी येऊन कापड पसरलं. राजा दोनदा आखलेला आहे. वर तो उशीला टेकून बोलतो आहे, हात पुढे केलेला. खाली तोच, मेलेला. वरचा भरला की खालचाही भरावा लागेल. आणि नाही भरला तर ती पुन्हा अर्धवट...
सुईत दोरा ओवायला बसले. नेढं दिसेना. चष्मा घरभर शोधला. कपाळावर होता.