भाऊजी, ऑटोजायरो मी नेलंय

भाऊजी,

दोन हजार एकोणीस साली तुम्ही दोघा भावांनी हे ऑटोजायरो, रिमोटवर उडणारं छोटं पात्यांचं विमान, जुळवायला घेतलं. पुढे तुमचे दादा गेले, लेक तिच्या संसारात रमली, मी मांडीवर ताट घेऊन जेवायला शिकले, आणि तुम्ही अजून त्याची पाती तोलताय! एक हलकं वाटलं की त्याला चिकटपट्टी, मग तेच जड झालं म्हणून ती खरवडायची.

काल म्हणालात वारा नाही. आज म्हणे, "वहिनी, वारा जरा जास्तच आहे." मी लग्न होऊन आले तेव्हा पतंगाचंही हेच. वारा पडेपर्यंत दोरा सोडत-बांधत बसायचात.

वरची पाती मोटर फिरवत नाही, वारा फिरवतो, हे ह्यांनी मला भाजी निवडता निवडता शिकवलं होतं. जेवणाचं टेबल अडवून तिथंच ठेवलंत तर वारा कुठून येणार, सांगा!

"मोडलं तर दादाच्या हातचं काही उरणार नाही," म्हणता. अहो, तुमच्या दादांनी जन्मभर विमानं मोडली आणि शिट्टी वाजवत पुन्हा जोडली. तुमचा जीव कशात अडकलाय ते कळतं मला, पण आता पुरे.

ते घेऊन मी गिरणीमागच्या मैदानावर चालले आहे. पाती हाताने फिरवून द्यायला मी आहे, उडवायचं मात्र तुम्हालाच. रिमोट तुमच्या चपलांवर ठेवलाय, घेऊन या. तुम्ही येईपर्यंत मी तिथंच उभी राहणार, आणि माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

— वहिनी