डबक्याचा तलाव

मळेवाडी (जि. लातूर)
३ मे १९८३

चि. संगप्पास जगदेवीअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी हाय ना? गौरम्माची कंबर? पंचाक्षरीचा खोकला? नांदेडच्या तुमच्या नळाला पाणी येतंय ना? तुम्ही खुशाल असाल. आम्ही न्हाई.

नव्या लातूर जिल्ह्याच्या प्रदर्शनात तू काढलेल्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं म्हणे. खाली लिहिलंस, ‘मळेवाडीचा तलाव, एप्रिल’. अरे, त्या डबक्यात म्हशीचा खूरसुद्धा बुडत न्हाई! लातूरच्या कलेक्टर साहेबांनी फोटो बघितला आणि एवढं पाणी असताना गावाला टँकर कशाला म्हणून परवापासून बंद केला. सरपंच हणमंतरावांनी पारावर सगळ्यांदेखत मला विचारलं की, तुमच्या भावाला कुठं पाणी दिसलं ते आम्हालाबी दाखवा. आत्ताच्या आत्ता जा आणि सांग, फोटो खोटा हाय.

जगदेवी

नांदेड, ८ मे

ती. अक्कास संगप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोटोत मी पदरचा एक थेंब घातलेला नाही. मागं रत्नागिरीला गेलो तेव्हा बघितलं, ओहोटीच्या वेळी वाळूवर बोटभर पाणी उरतं. पालथं पडून, कॅमेरा जमिनीला टेकवून बघितलं की त्यात अख्खं आभाळ उतरतं. आपल्या डबक्यापाशी तेच केलं. ही कला मी कुणाच्या हाताखाली न जाता शिकलो. साहेबाला समजत नाही, त्यात माझा काय कसूर? जिल्ह्याचं पुस्तक निघतंय, त्यातल्या सगळ्या फोटोंचं काम मला मिळायचं आहे. आता तोंड उघडलं तर धंद्यातून उठेन. माझं चांगलं झालेलं तुला कधी बघवलंच नाही. हणमंतरावांना म्हणावं, अर्ज करा.

संगप्पा

मळेवाडी, १२ मे

संगप्पा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत न्हाई. अर्ज केला. साहेबांनी तुझाच फोटो पुढं केला. सून शांतम्मा आठव्या महिन्यात दोन कोसांवरून घागर आणायलीय. काल आडाच्या काठावर तिला भोवळ आली. दोघीतिघींनी धरलं म्हणून वाचली. तुझी कला काय माठात भरून ठेवू? आईच्या माघारी तुला कडेवर वागवलं, ते आज पहिल्यांदा बोलून दाखवते. टँकर आला न्हाई तर पाळण्याला येऊ नको. दारातून परत पाठवीन.

जगदेवी

नांदेड, १९ मे

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र गौरम्मानं वाचलं आणि कॅमेऱ्याची पिशवी माझ्या हातात ठेवली. शेवटी लातूरला गेलो. तोंडानं सांगितलं तर साहेब हसले, म्हणाले की कलावंत माणसं फार विनय करतात. मग मी त्यांच्या टेबलावरचा तांब्या उचलून फरशीवर ओतला. अशा दिवसांत पाणी सांडलं म्हणून शिपाई मारायलाच उठला. मी पालथा पडून कॅमेरा लावला आणि साहेबांना शेजारी झोपायला लावलं. कॅमेऱ्यातून त्यांचंच टेबल त्यांना तळ्याच्या काठावर दिसलं. बराच वेळ उठले नाहीत. उठल्यावर शर्ट झटकत टँकरच्या कागदावर सही केली. बक्षीस काढून घेतलं. पुस्तकाचं काम दुसऱ्याला गेलं.

हे सगळं तुझ्यापायी. माझा राग गेलेला नाही, इतक्यात जाणारही नाही. पाळण्याला गौरम्मा येईल, मी नाही. पण टँकर खरंच आला का आणि शांतम्मा आता घरात बसून आहे का, एवढं कळव. कार्ड गौरम्माच्या नावानं टाक. टपालवाल्याची वाट मीच बघतोय, तेव्हा उशीर करू नको.

संगप्पा